वाचकांचे प्रश्न : उपग्रहाची ईटी आणि भीमेचं खोरं

नदीखोऱ्यांच्या जलवैज्ञानिक मॉडेलांबद्दल आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख या वेळी एकाच गोष्टीकडे आहे: उपग्रहावरून काढलेलं बाष्पपर्णोत्सर्जन मॉडेलमध्ये वापरायचं कसं. माती, जलाशय आणि पिकांची पानं यांतून वाफ होऊन हवेत जाणारं पाणी म्हणजे बाष्पपर्णोत्सर्जन. पुढे त्याला ‘ईटी’च म्हटलं आहे, कारण कामाच्या जागी सगळे तेच म्हणतात. पत्रं बहुतेक भीमा खोऱ्यातली असल्याने उदाहरणंही तिथलीच घेतली आहेत. पत्रांत वारंवार येणारं ‘स्वॅट’ म्हणजे पाऊस, माती आणि पिकं यांवरून खोऱ्यातल्या पाण्याचा हिशेब काढणारं संगणकी मॉडेल. पॅरामीटर म्हणजे त्यातले आपण ठरवायचे आकडे, आणि ते प्रत्यक्ष नोंदींशी जुळवून घेणं म्हणजे कॅलिब्रेशन.

आमच्या स्वॅट मॉडेलचा विसर्ग सरिता मापन केंद्राच्या नोंदींशी चांगला जुळतो. नॅश-सटक्लिफ (जुळणीचा गुणांक, पूर्ण जुळणीला १) ०.७८ आला आहे. मग ईटीची भानगड हवी कशाला?
— कनिष्ठ अभियंता, सोलापूर

आकडा चांगला आहे, पण तो नक्की कशाचा आहे ते तपासा. उजनीच्या खाली नदीत मोजलं जाणारं पाणी पावसापेक्षा धरणाच्या दरवाजांचं ऐकतं. धरणातून प्रत्यक्ष सोडलेला विसर्ग तुम्ही मॉडेलला आयता दिला असेल, तर ०.७८ मधला मोठा वाटा त्या नोंदींनी कमावलेला आहे. माती आणि भूजलाचे पॅरामीटर त्यात तपासलेच गेलेले नाहीत. खात्री करायची असेल तर ते पॅरामीटर मुद्दाम वेडेवाकडे बदलून मॉडेल पुन्हा चालवा. आकडा फारसा हलला नाही, तर काय ते कळेल.

दुसरी अडचण घाटमाथ्यावरची. मुळशीचं पाणी भिऱ्याला, ठोकरवाडीचं भिवपुरीला, वळवण-शिरवट्याचं खोपोलीला वीजनिर्मितीसाठी उतरतं. म्हणजे भीमेच्या माथ्यावर पडलेल्या पावसाचा एक हिस्सा कोकणात जातो. मॉडेलमध्ये हे वळवणं टाकलं नसेल, तरी विसर्ग जुळवण्याच्या नादात मॉडेल ते पाणी कुठेतरी लपवतंच. कधी ईटी फुगवतं, कधी पाणी खोल भूजलात ढकलतं. केंद्रावरचा आलेख मात्र सुरेख दिसतो.

विसर्गाचं केंद्र तुम्हाला एका बिंदूपाशी एकच बेरीज देतं. ती बेरीज पॅरामीटरांच्या कितीतरी वेगवेगळ्या संचांनी साधते, आणि त्यातला खरा कोणता हे ती बेरीज सांगू शकत नाही. ईटीचा नकाशा प्रत्येक उपखोऱ्यासाठी, प्रत्येक महिन्यासाठी वेगळी अट घालतो. वॉल्टर इमरझील आणि पीटर ड्रूगर्स या डच संशोधकांनी २००८ साली नेमकं हेच ऊर्ध्व भीमा खोऱ्यावर, सुमारे ४६ हजार चौरस किलोमीटरांवर, करून दाखवलं. ऑक्टोबर २००४ ते मे २००५ या आठ महिन्यांची, नासाच्या मोडिस या उपग्रहावरच्या संवेदकाच्या प्रतिमांवरून काढलेली ईटी त्यांनी स्वॅटच्या कॅलिब्रेशनला वापरली. उपखोऱ्यांच्या मासिक ईटीचा मॉडेलशी असलेला आर-वर्ग (दोन्हींचा चढउतार किती जुळतो याचं माप) ०.४० वरून ०.८१ वर गेला. त्यांच्या निष्कर्षातली आमच्या मते सर्वांत कामाची गोष्ट अशी की ईटीवर माती आणि भूवापराच्या पॅरामीटरांपेक्षा भूजल आणि हवामानाच्या पॅरामीटरांचा परिणाम जास्त होता. आपल्याकडे मात्र बहुतेकांचा हात आधी कर्व्ह नंबरकडे, म्हणजे पावसातलं किती पाणी वाहून जाईल ते ठरवणाऱ्या आकड्याकडे, जातो.

परिमाणाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. एका चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर म्हणजे हजार घनमीटर. ४६ हजार चौरस किलोमीटरांवर एक मिलिमीटर म्हणजे ४६ दलघमी (दशलक्ष घनमीटर). उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी, म्हणजे सुमारे १,५१७ दलघमी. भागाकार करा: ३३ मिलिमीटर. खोऱ्याच्या वार्षिक ईटीत इतकी चूक झाली की अख्खी उजनी कागदावर गायब होते किंवा नव्याने उगवते.

मोड१६, एसएसईबॉप, सेबल, ग्लीम अशी ईटी काढण्याच्या पद्धतींची नावं वाचली. भीमा खोऱ्यासाठी यातलं कोणतं घ्यावं?
— जलसंपत्ती अभियांत्रिकीची पदव्युत्तर विद्यार्थिनी, पुणे

आधी एक गैरसमज दूर करू. उपग्रह ईटी मोजत नाही. त्याला दिसतो परावर्तित प्रकाश आणि पृष्ठभागाचं तापमान. पुढची ईटी गणिताने निघते, आणि त्या गणिताची दोन मुख्य घराणी आहेत.

एक घराणं तापमानावर चालतं. सूर्याची जी निव्वळ ऊर्जा जमिनीला मिळते ती तीन कामांत खर्च होते: जमीन तापवणं, हवा तापवणं आणि पाण्याची वाफ करणं. पहिले दोन खर्च काढून वजा केले की तिसरा उरतो. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण २.४५ मेगाज्यूल लागतात. दिवसभराच्या सरासरीने चौरस मीटरमागे २८.४ वॅट वाफेसाठी खर्च झाले, तर ईटी एक मिलिमीटर. सेबल आणि मेट्रिक हा ताळेबंद पूर्ण मांडतात. एसएसईबॉप त्याचं सोपं रूप आहे: पिक्सेल (प्रतिमेतला एक चौकोन) जितका गार, तितकी त्याची ईटी संदर्भ ईटीच्या, म्हणजे भरपूर पाणी असलेल्या प्रमाण पिकाच्या ईटीच्या, जवळ.

दुसरं घराणं पानं आणि हवामान पाहतं. मोड१६ त्यातलं. पर्णक्षेत्र निर्देशांक (जमिनीच्या क्षेत्राच्या किती पट पानांचं क्षेत्र आहे तो आकडा), भूवापर आणि नासाच्या जाडसर जाळीचं हवामान घेऊन ते ईटी काढण्याचं पेनमन-मॉन्टिथ समीकरण सोडवतं. जमिनीच्या तापमानाकडे ते पाहत नाही. पिकाला ताण आहे का, हे हवेच्या कोरडेपणावरून आणि किमान तापमानावरून ठरवतं.

आता एप्रिलमधला इंदापूर-माळशिरसचा ऊस डोळ्यांसमोर आणा. भोवती माळरान भाजून निघालेलं, हवा कोरडी, पण कालव्याला आवर्तन सुटलेलं आणि सरीत पाणी. मोड१६ ला हवेचा कोरडेपणा दिसतो, म्हणून ते उसाच्या पानांची रंध्रं मिटवून टाकतं आणि ईटी कमी दाखवतं. तापमानावर चालणाऱ्या पद्धतीला तोच ऊस भोवतालच्या रानापेक्षा ठळक गार दिसतो. लाभक्षेत्र कॅलिब्रेट करायला मोड१६ वापरलं, तर इथे सिंचनच होत नाही असं मॉडेल शिकतं.

म्हणून आमचा सल्ला असा. उपखोऱ्यांच्या मासिक ईटीसाठी एक किलोमीटरचं एसएसईबॉप घ्या. लाभक्षेत्रातल्या निवडक निरभ्र दिवसांसाठी लँडसॅट उपग्रहाच्या प्रतिमांवरून स्वतः सेबल किंवा मेट्रिक करा आणि त्यावर एसएसईबॉप पडताळा. मोड१६ कोरडवाहू भाग आणि सह्याद्रीतलं जंगल यांच्यासाठी दुसरं मत म्हणून ठेवा. ग्लीम सूक्ष्मलहरींवरून मातीतला ओलावा धरतं, ही त्याची जमेची बाजू. पण नव्या आवृत्तीतही त्याचा पिक्सेल ०.१ अंशाचा, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटरचा आहे. तीनशे चौरस किलोमीटरच्या उपखोऱ्यात तसे दोन-तीनच बसतात. अख्ख्या कृष्णा खोऱ्याला ते चालेल, तुमच्या प्रबंधाला नाही.

सेबल स्वतः करणार असाल तर उष्ण आणि शीत पिक्सेल (शून्य ईटी आणि पूर्ण ईटी ही हिशेबाची दोन टोकं ठरवणारे) निवडताना घाई नको. शीत पिक्सेल पूर्ण वाढलेल्या, नुकत्याच भिजवलेल्या उसाचा घ्या, जलाशयाचा नको. उष्ण पिक्सेल कापणी झालेल्या कोरड्या रानातला घ्या, आणि आदल्या आठवड्यात तिथे अवकाळी पडला नव्हता ना हे पर्जन्यमापकाच्या नोंदीवरून पाहा. तो ओला निघाला तर शून्य ईटीचा आधारच सरकतो आणि सगळ्या प्रतिमेचा हिशेब बिघडतो. घाटमाथा आणि पठार यांच्या उंचीत पाचशे मीटरांचा फरक असेल, तर किलोमीटरला साडेसहा अंशांच्या दराने तीन अंशांहून जास्त फरक नुसत्या उंचीमुळे पडतो. ही दुरुस्ती विसरलात की डोंगर उगीचच ‘पाणीदार’ दिसतात.

मोड१६ ची आकडेवारी उतरवली. सरासरी काढली तर आठ दिवसांची ईटी ६० मिलिमीटरच्या वर येते आणि उजनीच्या जागी ३,२७६ मिलिमीटर दिसतं. फाइल खराब आहे का?
— संशोधक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

फाइल ठीक आहे. तुम्ही सांकेतिक आकड्यांची सरासरी काढली आहे.

या उत्पादनात ३२७६१ ते ३२७६७ हे आकडे म्हणजे ईटी नव्हे, खुणा आहेत: पाणी, शहर, ओसाड जमीन, माहिती नाही वगैरे. जलाशयाची खूण ३२७६६. तिला ०.१ ने गुणलं की ३,२७६.६ मिळतात. खोऱ्यातले फक्त एक टक्का पिक्सेल असे निघाले, तरी सरासरीत जवळजवळ ३३ मिलिमीटर घुसतात. तुमचे साठ तिथूनच आले असणार.

या खुणा सगळ्यांत आधी काढायच्या, मग ०.१ ने गुणायचं आणि त्यानंतरच नकाशाचं प्रक्षेपण बदलायचं. क्रम उलटा केला आणि पुनर्नमुन्याला, म्हणजे नव्या जाळीत आकडे बसवायला, शेजारच्या पिक्सेलांची सरासरी घेणारी द्विरेषीय पद्धत वापरली, तर ३२,७६६ चा अंश शेजारच्या पिक्सेलमध्ये झिरपतो. मग तिथे २,०००, ९,००० असे आकडे तयार होतात. ते खुणांच्या यादीत नसतात, म्हणून गाळणीतून निसटतात. काठाकाठाने ईटीची रांगोळी दिसली, तर कारण हेच समजा.

आकडा दिवसाचा नाही, आठ दिवसांच्या बेरजेचा आहे. फाइलमध्ये १८४ असेल तर १८.४ मिलिमीटर, म्हणजे रोज २.३. वर्षात अशा ४६ फाइली येतात आणि शेवटची पाच दिवसांची, लीप वर्षात सहा दिवसांची असते. तिलाही आठने भागलं की डिसेंबरची ईटी दरवर्षी पडलेली दिसते. फाइलवरची तारीख कालखंडाच्या पहिल्या दिवसाची आहे. महिना ओलांडणारा कालखंड दिवसांच्या प्रमाणात दोन्ही महिन्यांत वाटा.

भीमा खोऱ्यासाठी आणखी एक खास गोम. मोडिसच्या चौकटीत एच२५-व्ही०७ ही फरशी (मोडिस जगाच्या नकाशाचे जे तुकडे पाडतं त्यांतला एक) घेतली की झालं, असं नकाशावरून वाटतं. पण या फरशीची पश्चिम कड पुण्याच्या अक्षांशावर साधारण ७३.८ पूर्व रेखांशाशी, म्हणजे पुणे शहराजवळून जाते. ताम्हिणी, लोणावळा, भीमाशंकर हे सगळं एच२४-व्ही०७ मध्ये आहे. म्हणजे खोऱ्यातला सर्वांत ओला भाग. दोन्ही फरश्या जोडा. २० अंश उत्तरेच्या वरचं खोरं असेल तर व्ही०६ ची ओळही लागेल. गुगल अर्थ इंजिन या उपग्रह-प्रतिमांच्या ऑनलाइन मंचावर काम करत असाल तर ही जोडणी आपोआप होते, खुणांची मात्र तिथेही खात्री करा.

खुणा काढल्यावर जलाशयाची जागा रिकामी राहते. तिला शून्य समजू नका. उजनी पूर्ण भरली की पाणपसारा सुमारे ३३७ चौरस किलोमीटरांचा होतो. उन्हाळ्यात तो आक्रसतो. समजा एखाद्या दिवशी तो २०० चौरस किलोमीटर आहे आणि बाष्पीभवन पात्राने १० मिलिमीटर दाखवले. पात्र गुणांक (पात्रावरून जलाशयाचं बाष्पीभवन काढायचा) ०.७ धरला तर ७ मिलिमीटर, म्हणजे त्या दिवसाचे १.४ दलघमी. हा हिशेब वेगळा मांडून नंतर मिळवायचा.

जून ते सप्टेंबर आकाशात ढगच असतात. मग पावसाळ्याची ईटी आणायची कुठून?
— कृषी अभियांत्रिकीचे प्राध्यापक, राहुरी

बहुतेक वेळा आणू नये, हे आमचं उत्तर.

पावसाळ्यात माती ओली असते आणि ईटीवर मर्यादा पाण्याची नसते, उन्हाची असते. ती संदर्भ ईटीच्या आसपास राहते. मॉडेलचे मातीचे पॅरामीटर चुकले असले तरी हा आकडा साधारण बरोबरच येतो. म्हणजे कॅलिब्रेशनला त्यातून शिकण्यासारखं थोडंच असतं. खरी परीक्षा ऑक्टोबरपासून सुरू होते. पाऊस थांबतो, ओल खाली जाते, आणि कोणतं उपखोरं किती दिवस तग धरतं यावरून मातीची खोली, भूजलाचा हात आणि सिंचन उघडं पडतं. आकाशही नेमकं तेव्हाच मोकळं असतं. वर सांगितलेल्या अभ्यासाने ऑक्टोबर ते मे घेतले, ते योग्यच होतं.

अपवाद पर्जन्यछायेतला. दौंड, इंदापूर, करमाळा या पट्ट्यात ऑगस्टमध्ये पावसाचा मोठा खंड पडतो. तेव्हा दोन-चार निरभ्र दिवस मिळाले तर ते सोन्यासारखे जपा.

दोन निरभ्र प्रतिमांमधले दिवस भरायचे असतील, तर ईटी सरळ रेषेने जोडू नका. प्रत्येक प्रतिमेच्या दिवशी ईटी आणि संदर्भ ईटी यांचं गुणोत्तर काढा, ते गुणोत्तर मधल्या दिवसांवर पसरवा आणि प्रत्येक दिवसाच्या संदर्भ ईटीने गुणा. ढगाळ दिवसाची कमी ऊर्जा आपोआप हिशेबात येते. मात्र मधल्या काळात पाऊस पडला किंवा आवर्तन सुटलं तर ही पद्धत फसते, कारण गुणोत्तर उडी मारून वर जातं आणि आपण सरळ रेष ओढत बसतो. दोन प्रतिमांत महिन्याहून जास्त अंतर असेल तर तो महिना कॅलिब्रेशनमधून सरळ वगळा.

विरळ, उंच ढगांपासून सावध राहा. डोळ्याला आकाश स्वच्छ दिसतं, पण उपग्रहाला पृष्ठभाग चार-पाच अंश गार भासतो आणि ईटी फुगते. ढगांची गुणवत्ता-पट्टी त्यांना नेहमी पकडत नाही. दुपारच्या प्रतिमेत कोरडवाहू रान जवळच्या भिजलेल्या उसापेक्षा गार दिसलं, तर तो दिवस बाद करा.

उपग्रहाची ईटी हेही एक मॉडेलच. मग एका मॉडेलने दुसरं मॉडेल दुरुस्त करणं म्हणजे आंधळ्याने आंधळ्याचा हात धरण्यासारखं नाही का?
— निवृत्त अधीक्षक अभियंता, सातारा

शंका रास्त आहे, आणि ज्यांना ती पडत नाही त्यांचे निकाल आम्ही जपूनच वाचतो.

पहिला प्रश्न दोन मॉडेल एकमेकांपासून किती स्वतंत्र आहेत हा. तुमचं स्वॅट पेनमन-मॉन्टिथवर चालत असेल, त्याला जागतिक पुनर्विश्लेषणाचं (निरीक्षणं आणि हवामान-मॉडेल मिळून तयार केलेलं) हवामान दिलं असेल, आणि तुम्ही ते मोड१६ शी जुळवलं, तर दोघांत एकच समीकरण आणि जवळजवळ तीच हवा. जुळलं यात नवल काय? तापमानावरून काढलेली ईटी निदान जमिनीची प्रत्यक्ष खूण पाहते, म्हणून इथे तिची साक्ष जास्त वजनाची.

दुसरं, ईटीचा निव्वळ आकडा आणि ईटीचा नकाशा यांत फरक करा. अमुक उपखोऱ्याची वार्षिक ईटी ६१० की ६८० यावर दोन उत्पादनं भांडतील. पण मार्चमध्ये नीरेच्या कालव्याखालचा पट्टा शेजारच्या माळापेक्षा कितीतरी जास्त वाफ सोडतो, यावर सहसा एकमत होतं. म्हणून मॉडेलला नकाशाचा आकार आणि महिन्यांचा चढउतार शिकवा. एकूण बेरीज ताळेबंदाने तपासा: पाऊस वजा बाहेर गेलेलं पाणी वजा साठ्यातला बदल. वर्ष १ जून ते ३१ मे धरा, म्हणजे साठ्यातला बदल लहान राहतो.

साठा आला की भूजल आलं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या पातळ्या इथे कामाला येतात. बेसाल्टचा विशिष्ट उतारा (खडकाच्या आकारमानापैकी निथळून मिळणाऱ्या पाण्याचा वाटा) साधारण एक ते तीन टक्के. दोन टक्के धरले तर सलग दोन वर्षांच्या मेअखेरच्या पातळ्यांत एक मीटरचा फरक म्हणजे २० मिलिमीटर. ग्रेस उपग्रहांच्या गुरुत्वमापनावरून साठा काढण्याचा मोह होतो, पण त्यांना साधारण तीनशे किलोमीटरपेक्षा बारीक दिसत नाही. सुमारे २.५९ लाख चौरस किलोमीटरच्या कृष्णा खोऱ्याला ते चालतं, ऊर्ध्व भीमेला नाही.

तिसरं, एकाच उत्पादनावर विसंबू नका. दोन-तीन घ्या आणि त्यांच्यातला पसारा हीच त्या महिन्याची त्रुटी समजा. जिथे तिन्ही जुळतात तिथे मॉडेलला घट्ट बांधा, जिथे फाकतात तिथे सैल सोडा.

आणि पाऊस तपासल्याशिवाय यातलं काहीच करू नका. घाटमाथ्यावर तीन-चार हजार मिलिमीटर आणि शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला पाचशेच्या आसपास, असा उतार ०.२५ अंशाच्या जाळीत पुसट होतो. पाऊसच कमी दिला गेला, तर ईटीचं कोणतंही उत्पादन चुकीचं वाटू लागतं.

ही ईटी घेऊन स्वॅटमध्ये कॅलिब्रेशन करायचं म्हणजे प्रत्यक्ष काय काय, कोणत्या क्रमाने?
— एकाच आशयाची चार पत्रं: पुणे, नाशिक, कोल्हापूर, बंगळूरु

पॅरामीटरला हात लावण्याआधी चार गोष्टी उरकून घ्या. वेळेचा बराच मोठा भाग इथेच जातो आणि जायलाच हवा.

आधी कमाल मर्यादा पाहा. स्वॅटमध्ये प्रत्यक्ष ईटी संभाव्य ईटीच्या (पाण्याची कमतरता नसती तर झाली असती तिच्या) वर जाऊच शकत नाही. उन्हाळ्यात उपग्रह उसावर रोज साडेसहा मिलिमीटर दाखवत असेल आणि मॉडेलची संभाव्य ईटीच सहा असेल, तर मातीचे पॅरामीटर कितीही पिळा, उपयोग नाही. वारा, आर्द्रता, सौरऊर्जा यांच्या नोंदी आणि संभाव्य ईटीची पद्धत तपासा.

मग पिकं. जागतिक भूवापर नकाशात ऊस नुसता ‘शेती’ म्हणून येतो. ऊस वेगळा वर्ग करा, आणि जमल्यास आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा यांचा वाटा धरा. आडसाली जुलै-ऑगस्टमध्ये लागतो आणि सोळा-अठरा महिने उभा राहतो. जानेवारी ते डिसेंबर अशा एका वर्षाच्या व्यवस्थापन-फाइलीत तो बसत नाही, म्हणून दोन वर्षांचं चक्र लिहावं लागतं. बहुवार्षिक झाडांचाही असाच घोळ आहे. स्वॅट त्यांची सुप्तावस्था दिवसाच्या लांबीवरून ठरवतं, आणि २० अंश अक्षांशाच्या खाली ती येतच नाही. सह्याद्रीतलं पानझडी जंगल मॉडेलमध्ये मग चुकीच्या महिन्यात हिरवं होतं. उपाय म्हणून वाढीची सुरुवात आणि शेवट स्वतः नेमून द्या. मॉडेलचा पर्णक्षेत्र निर्देशांक मोडिसच्या निर्देशांकाशेजारी ठेवून पाहा. दोन्हींची शिखरं वेगळ्या महिन्यांत असतील तर ईटी जुळवायला बसू नका.

तिसरं सिंचन. स्वयंचलित सिंचन लावताना पाण्याचा स्रोत विचारला जातो, आणि त्यात ‘खोऱ्याबाहेरचा स्रोत’ असा एक पर्याय आहे. तो निवडला की ऊस तृप्त, ईटी हुबेहूब आणि हिशेब खोटा. पाणी शून्यातून आलेलं असतं. कालव्याखाली जलाशय, विहीर-बागायतीत उथळ भूजल असा खरा स्रोत द्या. भूजल आटून पीक वाळलं तर वाळू द्या. ते निदान आहे.

चौथी गोष्ट, तुलना कशाची कशाशी. स्वॅटचे एचआरयू (एकसारखी माती, भूवापर आणि उतार असलेले तुकडे) उपखोऱ्यात नेमके कुठे आहेत हे मॉडेल गणित करताना पाहत नाही, म्हणून पिक्सेलशी तुलना करण्यात अर्थ नाही. उपखोरं आणि महिना, फार तर उपखोऱ्यातला एकेक भूवापर, इतक्यावर थांबा. इथे एक चूक सर्रास होते. उथळ भूजलातून वर ओढलं जाणारं पाणी, ज्याला स्वॅटमध्ये ‘रिव्हॅप’ म्हणतात, ते ईटीच्या रकान्यात धरलेलं नसतं, वेगळ्या रकान्यात असतं. जलाशयाचं बाष्पीभवन तर वेगळ्याच फाइलीत. उपग्रहाला मात्र वाफ कुठून आली हे कळत नाही, त्याला सगळी एकच. म्हणून तुलनेला ईटी अधिक रिव्हॅप घ्या. हे विसरून अनेकजण ईटी कमी पडते म्हणत रिव्हॅपचा गुणांक वाढवतात. ईटीचा रकाना हलत नाही, आणि भूजल मात्र रिकामं होतं.

आता पॅरामीटर. मातीची उपलब्ध ओल आणि खोली आधी घ्या, कारण भीमाकाठची खोल काळी जमीन आणि माळावरचा हातभर मुरूम यांना एकच मूल्य देणं ही मुळातली चूक. त्यानंतर ‘एस्को’, म्हणजे मातीच्या बाष्पीभवनाचा भरपाई गुणांक. सुरुवातीचं मूल्य ०.९५ असतं. ते खाली आणलं की मॉडेल खालच्या थरांतूनही ओल उडवतं आणि ईटी वाढते. ०.५ च्याही खाली जावं लागत असेल तर थांबा, बहुधा सिंचन राहून गेलं आहे. मग ‘एप्को’, मुळांनी खालच्या थरांतून पाणी घेण्याचा गुणांक. त्यानंतर रिव्हॅपचा गुणांक, ०.०२ ते ०.२० च्या दरम्यान. त्याची एक उंबरठा-पातळीही असते. उथळ भूजल तिच्यापेक्षा कमी असेल तोवर रिव्हॅप सुरूच होत नाही, गुणांक काहीही ठेवा. कर्व्ह नंबर अगदी शेवटी आणि फक्त विसर्गासाठी.

स्वयंचलित कॅलिब्रेशनला पेस्ट ही आज्ञावली किंवा स्वॅट-कप या आज्ञावलीतली सुफी-२ पद्धत, दोन्ही चालतात. विसर्ग आणि ईटी यांचं एकत्र उद्दिष्ट ठरवताना कच्च्या चुकांचे वर्ग बेरजेत टाकू नका. विसर्ग शेकड्यांनी घनमीटर, ईटी दहा-वीस मिलिमीटर. बेरजेत विसर्गच सगळं गिळून टाकतो. दोघांचे क्लिंग-गुप्ता गुणांक (नॅश-सटक्लिफसारखेच जुळणीचे आकडे) वेगळे काढा आणि मग वजन द्या. पाठ्यपुस्तकं समान वजनाने सुरुवात करायला सांगतात. ऊर्ध्व भीमेत आम्ही तसं करणार नाही. विसर्गासाठी फक्त धरणांच्या वरची केंद्रं घ्यावीत, आणि उरलेल्या खोऱ्यात ऑक्टोबर-मेच्या ईटीला बहुतेक वजन द्यावं.

निकाल आल्यावर पायाभूत प्रवाह, म्हणजे पाऊस नसताना भूजलातून ओढ्या-नद्यांना मिळणारं पाणी, पाहायला विसरू नका. ईटी जुळली आणि डिसेंबरमध्ये धरणांच्या वरचे ओढे मॉडेलमध्ये ठणठणीत कोरडे पडले, पण प्रत्यक्षात वाहत होते, तर ईटीने दुसऱ्याचं पाणी पळवलं आहे. पडताळणीला सरासरी वर्ष नको. २०१८ चा दुष्काळ आणि २०१९ चा पूर अशी टोकाची वर्षं कॅलिब्रेशनमधून बाजूला ठेवलेली असावीत.

आमच्या गावचं पाणलोट साधारण हजार हेक्टरांचं आहे. गावाच्या पाण्याच्या ताळेबंदात ही ईटी वापरता येईल का?
— पाणलोट समितीचे सदस्य, पुरंदर तालुका

मोड१६ चा पाचशे मीटरचा एक पिक्सेल म्हणजे २५ हेक्टर. तुमच्या गावात असे चाळीस, आणि कडेचे बरेचसे शेजारच्या गावात अर्धे. बागायत आणि माळ एकाच पिक्सेलमध्ये मिसळतील. एसएसईबॉपचे एक किलोमीटरचे तर दहाच. ही आकडेवारी गावाला नको.

लँडसॅटची प्रतिमा ३० मीटरची म्हणून मिळते, पण तिचा औष्णिक पट्टा मुळात १०० मीटरचा आहे, म्हणजे सुमारे एक हेक्टर. दोन उपग्रह धरून दर आठ दिवसांनी प्रतिमा येते. रब्बीत त्यातल्या निरभ्र प्रतिमांवरून गावची ईटी काढणं शक्य आहे, पण ते काम जवळच्या अभियांत्रिकी किंवा कृषी महाविद्यालयाकडून करून घ्या. आलेला आकडा टँकरच्या भाषेत हवा असेल, तर एक हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार लिटर.

हीच पद्धत मांडवी खोऱ्याला लावली तर?
— विद्यार्थी, फोंडा, गोवा

फारसं हाती लागणार नाही. तिथे तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, आणि त्या चारही महिन्यांत ढग. पाण्याचा मोठा भाग नदीवाटे जातो, त्यामुळे चांगल्या नोंदी असलेलं विसर्गाचं केंद्र ईटीच्या नकाशापेक्षा जास्त सांगतं. सत्तरी-सांग्याच्या जंगलात जानेवारी ते मे ही ईटी मुळांची खोली ठरवायला उपयोगी पडेल, तेवढ्यापुरती घ्या. भरतीचं पाणी पोहोचतं त्या खाजन (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या जमिनी) आणि खारफुटीच्या पट्ट्यातले पिक्सेल मात्र आधीच वगळा. तिथे वाफ होणारं पाणी समुद्राचंही असतं, आणि पावसाच्या ताळेबंदात ते कुठेच बसत नाही.